‘फीव्हर ड्रीम’ कंटाळवाणी आहे का? इंजिन रूममधल्या माणसाचं उत्तर

प्रश्न असा आलाय की जॉर्ज आर. आर. मार्टिनची ‘फीव्हर ड्रीम’ हातात घेतली, नव्वदेक पानं झाली, अजून नुसती बोट, बोटीचे झुंबर-गालिचे आणि जेवणंच चाललीयेत, आणि वाचकांची मतं बघावीत तर एक म्हणतो ह्याच्यापेक्षा चांगली व्हॅम्पायर कादंबरी नाही आणि दुसरा म्हणतो झोप लागली, तर पुढे वाचू का ठेवून देऊ. शिवाय तुम्ही बोटीवर होतात तर त्यातलं बोटीचं किती खरं ते पण सांगा.

सांगतो, पण लांबेल, चहा घेऊन बसा.

मी 31 वर्षं जहाजांवर इंजिन रूममध्ये काढली, फोर्थ इंजिनिअर म्हणून चढलो आणि चीफ म्हणून उतरलो, आणि आता डोंबिवलीत आम्हा आठ-नऊ जणांचा वाचनकट्टा आहे तो चालवतो. महिन्याला एक पुस्तक, शेवटच्या रविवारी भांडण. ही कादंबरी आम्ही घेतली तेव्हा भांडण दोन रविवार चाललं, त्यामुळे वाचकांची मतं म्हणाल तर माझ्याकडे घरचीच भरपूर आहेत.

ज्यांनी वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. साल 1857, मिसिसिपी नदी. ॲबनर मार्श नावाचा एक जाडजूड, कुरूप, चेहऱ्यावर चामखिळी असलेला, तोंडाने फटकळ बोटमालक, ज्याच्या बोटी हिवाळ्यात बर्फाने चिरडल्यात आणि धंदा बसलाय. सेंट लुईसच्या हॉटेलात त्याला जोशुआ यॉर्क नावाचा एक फिकट, देखणा, श्रीमंत माणूस भेटतो आणि म्हणतो मला भागीदार करून घ्या, पैसे माझे, तुम्हाला हवी तशी बोट बांधा, नदीवरची सगळ्यात भारी, फक्त मी आणि माझी मित्रमंडळी दिवसा झोपतो आणि रात्री हिंडतो त्याबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत. मार्शला कळतं की ह्यात काहीतरी गोम आहे, पण बोटीचा मोह सुटत नाही. झालं, तिथून सगळं सुरू.

आता तुमची पहिली तक्रार, व्हॅम्पायर कुठेत. अहो आलेत की! सुरुवातीलाच न्यू ऑर्लीन्सचं प्रकरण येतं बघा, तो सावर बिली टिप्टन गुलामांच्या लिलावात जाऊन एक मुलगी विकत घेतो आणि मालकाकडे, डेमन ज्युलियनकडे, नेतो. ते तुम्ही बहुतेक भरभर वाचलंत कारण डोक्यात होतं की व्हॅम्पायर म्हणजे काळा झगा आणि खिडकीतून वटवाघूळ. आपण मराठी वाचक तर धारपांवर वाढलेलो, ‘लुचाई’ वाचून ज्यांनी रात्री खिडक्या लावून घेतल्या त्यातला मीही एक, तर आपल्याला गावात काहीतरी शिरलंय, एकेक माणूस त्यांच्यातला होत चाललाय, ह्या भीतीची सवय आहे. इथे ते नाहीच. मार्टिनचे हे लोक मेलेले नाहीत, शापित नाहीत, चावून कोणाला आपल्यासारखं करू शकत नाहीत, ती एक वेगळी जातच आहे, जन्माला येणारी, फार फार जगणारी. आरसा, लसूण, क्रूस ह्यातलं काही चालत नाही, ऊन मात्र भाजून काढतं. आणि अधूनमधून त्यांना ती तहान लागते, लाल तहान. जोशुआने त्यावर एक पेय शोधून काढलंय, ते पिऊन तहान मारता येते, आणि त्याला आपल्या लोकांना शोधून ते द्यायचंय. म्हणजे हा माणूस, म्हणजे माणूस नाही पण काय ते, दारू सोडवायला निघालेल्या समाजसुधारकासारखा नदीवर फिरतोय. आमच्या कट्ट्यावर एक डेंटिस्ट आहेत त्यांचं म्हणणं की हा जीवशास्त्राचा भाग सगळ्यात पटणारा, आणि एक कॉलेजातली मुलगी म्हणाली की भूतच नाही तर मग भीती कसली. दोघांचंही बरोबर आहे, म्हणजे तुम्ही कशासाठी वाचायला बसलाय त्यावर आहे.

दुसरी तक्रार, बोटीचं वर्णन फार. इथे मी जरा बसणार आहे, कारण माझ्या मते जे लोक ती पानं उलटून पुढे जातात ते भीतीदायक भागच गाळतात.

मिसिसिपीची बोट ही आपल्या डोक्यातली आगबोट नव्हे. नदी उथळ, त्यामुळे बोटीचा तळ सपाट, पाण्यात जेमतेम काही फूट बुडणारा, आणि त्यावर लाकडी तीन मजली वाडा, पांढरा रंग, नक्षी, वर दोन उंच धुराडी. समुद्रावरची जड इंजिनं तिथे चालत नव्हती, म्हणून हलकी आणि हाय प्रेशरची इंजिनं, वाफ एकदा सिलिंडरमधून गेली की सरळ आकाशात, परत पाणी करून बॉयलरला द्यायची भानगड नाही. म्हणजे बॉयलरला सतत नवं पाणी, आणि ते कुठलं, तर नदीचंच, गढूळ. तो गाळ बॉयलरच्या तळाशी बसणार, गाळाखालचा पत्रा तापून लाल होणार. वर लाकूड, रंग, कापसाच्या गासड्या, आणि बॉयलरच्या बरोबर वरच्या मजल्यावर गालिचे टाकून पाहुणे जेवतायत. मोठी बोट दिवसाला पन्नास-साठ कॉर्ड लाकूड खायची, एक कॉर्ड म्हणजे 128 घनफूट, हिशेब करा. शर्यत लागली की डुकराची चरबी नाहीतर राळेचं लाकूड भट्टीत टाकायचं. ह्या बोटींचं सरासरी आयुष्य किती, तर चार-पाच वर्षं! अडकलेल्या ओंडक्यावर आपटून नाहीतर जळून नाहीतर फुटून जायच्या.

आता बघा, शेकडो वर्षं जगणाऱ्या लोकांची गोष्ट सांगायला लेखकाने पाच वर्षं जगणारी बोट घेतलीय, आणि तिच्यावर जीव टाकणारा एक म्हातारा होत चाललेला माणूस. हे लक्षात आलं की ती झुंबरं आणि आरसे कंटाळवाणे वाटत नाहीत, पोटात गोळा येतो, कारण हे सगळं जाणार हे तुम्हाला माहितीय आणि मार्शला पण माहितीय.

बॉयलरचं एक स्वतःचं सांगतो. मी फोर्थ होतो, टँकर होता, कंपनीचं नाव राहू द्या. रात्रीची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. बॉयलरला गेज ग्लास असते, काचेची उभी नळी, तिच्यात पाण्याची पातळी दिसते. मी बघितलं, काच स्वच्छ, मला वाटलं पाणी भरपूर आहे, काठोकाठ. सेकंड इंजिनिअर आला, त्याने एक नजर टाकली आणि मला बाजूला ढकललं, अक्षरशः ढकललं, आणि फायरिंग बंद केलं. कारण पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच सारखीच दिसते हो. मधे पाण्याची रेघ असेल तरच कळतं. रेघ नसेल तर ब्लो करून बघायचं, खालचा ड्रेन उघडायचा, वरून वाफ येते का खालून पाणी येतं ते एकेक कॉक बंद करून तपासायचं. बॉयलर रिकामा होत आलेला होता. तसाच तापत राहिला असता आणि मी घाबरून थंड पाणी सोडलं असतं तर आज हे उत्तर लिहायला कोणी नव्हतं. 1857 मध्ये तर बहुतेक बोटींवर काच पण नसायची, बॉयलरच्या तोंडाला वर-खाली तीन नळ, एकेक उघडून बघायचं वाफ येते का पाणी.

हे मी का सांगतोय, तर कादंबरीतला खरा खलनायक, डेमन ज्युलियन, तो मला ह्या काचेमुळे कळला. कट्ट्यावर सगळे म्हणत होते की हा फार एकसुरी आहे, शांत बोलतो, देखणा आहे, दुष्ट आहे, बस. मला तो फार भयंकर वाटला. तो इतका जुना आहे की आत काही उरलंच नाहीये, तहानसुद्धा नाही, नुसती सवय. आणि बाहेरून वागण्यात बघितलं तर जोशुआ आणि तो सारखेच, तीच अदब, तीच वाकवणारी नजर. एक भरलेला एक रिकामा. मार्शला हे ड्रेन उघडून बघावं लागतं, आणि त्याची किंमत मोजावी लागते.

बोटीचं खरं किती हे विचारलंत ना, तर खूपच खरं आहे. मार्टिन सत्तरच्या दशकाच्या शेवटी आयोवातल्या डुब्यूकला कॉलेजात शिकवत होता, मिसिसिपीच्या अगदी काठावर, आणि नदीपलीकडे थोडं खाली इलिनॉयमधलं गॅलिना गाव, शिशाच्या खाणींचं, जिथली नदी पूर्वी फीव्हर नावाने ओळखली जायची. बोटीचं नाव तिथून आलंय, तापातल्या स्वप्नावर कोटी पण आहे आणि नदीचं नाव पण. मार्शला जिला हरवायचंय ती ‘इक्लिप्स’ खरी बोट होती, इंडियानातल्या न्यू ऑल्बनीला बांधलेली, साडेतीनशे फुटांहून लांब, 1853 मध्ये न्यू ऑर्लीन्सहून लुईव्हिलपर्यंत साडेचार दिवसांच्या आत गेली होती, तेव्हा लोकांनी पैजा लावल्या होत्या. बर्फाचं पण बिनबुडाचं नाही, 1856 च्या फेब्रुवारीत सेंट लुईसच्या धक्क्यावर बर्फ सुटून कित्येक बोटी खरंच चुरा झाल्या होत्या.

आणि एक गंमत. ज्या 1857 मध्ये ही गोष्ट घडते त्याच वर्षी ह्याच नदीवर सॅम्युएल क्लेमेन्स नावाचा पोरगा बोटीला वाट दाखवणाऱ्या पायलटच्या हाताखाली उमेदवारी करायला लागला होता. पुढे तो मार्क ट्वेन झाला. ह्या नावाचा अर्थ म्हणजे दोन वाव पाणी, बारा फूट, म्हणजे बोट सुखरूप जाईल. आपल्याकडे कोळी अजून वावातच खोली मोजतात, दोन्ही हात पसरले की एक वाव, त्यामुळे हे वाचताना मला एकदम घरचं वाटलं. दुसऱ्याच वर्षी, 1858 च्या जूनमध्ये, ‘पेन्सिल्व्हेनिया’ बोटीचे बॉयलर मेम्फिसच्या खाली फुटले आणि त्यात त्याचा धाकटा भाऊ हेन्री गेला. आणि हे सगळं 1852 मध्ये बॉयलर तपासणीचा, इंजिनिअर-पायलटच्या लायसन्सचा कायदा झाल्यानंतर. 1865 ची ‘सुल्ताना’ तर कळस, 376 माणसांची परवानगी आणि वर दोन हजारांहून जास्त, युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक, बॉयलरला घाईघाईत पॅच मारलेला, मेम्फिसच्या वरच्या अंगाला मध्यरात्रीनंतर फुटला, हजाराहून जास्त गेले. कॅप्टनला माणशी भाडं मिळणार होतं. ह्यात कुठला व्हॅम्पायर होता सांगा.

तर मुद्द्यावर येतो. त्या काळात त्या नदीवर एका माणसाने दुसऱ्या माणसाचं शरीर विकत घेणं, झिजवणं हे कायदेशीर होतं. 1857 च्या मार्चमध्येच तिथल्या सुप्रीम कोर्टाने ड्रेड स्कॉटच्या खटल्यात निकाल दिला की कृष्णवर्णीय माणूस त्या देशाचा नागरिकच असू शकत नाही. कादंबरीतली तारीख त्याच्यानंतरच्या महिन्यातली आहे, आणि मला नाही वाटत हा योगायोग आहे. ज्युलियनला लपून शिकार करायची गरजच नाहीये. मळा आहे, मुकादम आहे, लिलाव आहे, विकत घेतलेली मुलगी दुसऱ्या दिवशी दिसली नाही तर विचारणारं कोणी नाही. आणि तो मुकादम, सावर बिली, गोरा, गरीब, लाचार, मालक कधीतरी मला त्यांच्यातला करेल ह्या आशेवर वाट्टेल ते करणारा, तो मला पुस्तकातला सगळ्यात खरा माणूस वाटतो. असे लोक मी बोटीवर पाहिलेत, ऑफिसात पण, तुम्ही पण पाहिले असतील. आणि मार्श, आपला हिरो, तो सुरुवातीला गुलामगिरीबद्दल काय विचार करतो, काहीच नाही! त्याचा तो विषयच नाही, त्याला बोट चालवायचीय. हळूहळू त्याला दिसायला लागतं. ह्या बदलासाठी लेखकाने भाषणं घातलेली नाहीत हे बरं केलंय.

इथे एक इशारा देऊन ठेवतो. त्या काळची बोली जशीच्या तशी आहे, कृष्णवर्णीयांसाठी वापरले जाणारे घाण शब्द पानोपानी येतात. काही वाचकांना ते असह्य होतं आणि पुस्तक खाली ठेवतात, त्यांना मी चूक म्हणणार नाही. आमच्या कट्ट्यावरचे इतिहासाचे मास्तर म्हणाले की शब्द आहेत त्यापेक्षा मोठी उणीव ही की गुलाम माणसांना स्वतःचा आवाज फारसा नाही, टोबी नावाचा आचारी आहे तो सुंदर रंगवलाय पण तोही शेवटी मार्शच्याच नजरेतून. हे मला मान्य आहे. बायकांचंही तेच, ज्युलियनच्या गोटातली व्हॅलरी सोडली तर बाकी नावापुरत्या, आणि व्हॅलरीला पण जरा अजून जागा द्यायला हवी होती. पुस्तक 1982 चं आहे हे कारण झालं, समर्थन नाही.

अजून एक प्रसंग आहे मधे, तान्ह्या बाळाचा. वर्णन करत नाही. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका तिथेच थांबल्या, पुस्तक मला परत आणून दिलं, म्हणाल्या मला हे घरात नको. मी गुपचूप घेतलं.

दोष अजून आहेत. जोशुआ आणि ज्युलियन ह्यांच्यात नजरेची जी लढाई होते, कोण कोणाला वाकवतो, ती दोन-तीनदा जवळपास तशीच येते आणि दर वेळी आपला माणूस हरतो, तिसऱ्यांदा मी पण वैतागलो होतो. जोशुआ स्वतःची कहाणी सांगतो ते प्रकरण लांबलचक आहे, काहींना तेच सगळ्यात आवडतं. आणि मग कथा एकदम तेरा वर्षं उडी मारते, 1857 वरून थेट 1870. आमच्या आयटीतल्या पोराने, तो ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मुळे ह्या लेखकाकडे आलेला, ह्यावर फार आरडाओरडा केला, म्हणे मधलं कुठंय, युद्ध कुठंय, नदीवरची एवढी मोठी यादवी सरळ गाळली. मला ती उडी आवडली. कारण त्या तेरा वर्षांत मार्शचं काय झालं ते त्याच्या गुडघ्यांवरून, त्याच्या रिकाम्या खिशावरून कळतं, आणि समोरच्यावर मात्र एक सुरकुती नाही. रेल्वे आली, बोटींचा जमाना संपत आला. 1870 च्याच उन्हाळ्यात ‘नॅचेझ’ आणि ‘रॉबर्ट ई. ली’ ची ती जगप्रसिद्ध शर्यत झाली, न्यू ऑर्लीन्स ते सेंट लुईस, ली पोचली 3 दिवस 18 तास 14 मिनिटांत, दिवा विझायच्या आधी मोठा होतो तसं.

कवितेचं पण सांगायला हवं, कारण ते बऱ्याच वाचकांना लेखकाचा शौक वाटतो. जोशुआ इंग्रज कवी बायरन वाचतो, त्याच्या अंधारावरच्या कवितेवर त्याचा जीव आहे. ती कविता 1816 ची, ज्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, कारण आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या धुरळ्याने सूर्य फिका पडला होता. जिनिव्हाच्या तळ्याकाठी घरात कोंडलेल्या बायरन आणि त्याच्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचायचा खेळ काढला, त्यात बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी होता, आणि 1819 मध्ये त्याची व्हॅम्पायरची गोष्ट छापून आली, खानदानी, देखणा, फिकट रक्तपिपासू तिथे पहिल्यांदा नीट उभा राहिला. लोकांनी तर तो बायरनच समजला! म्हणजे मार्टिनचा व्हॅम्पायर आपल्याच जन्मदात्याच्या कविता म्हणतोय. कवी शेली पण होता त्या घरात, आणि पुढे बोटीबाबत शेलीच्या एका कवितेचं नाव येतं, ते कुठे आणि का ते तुम्हीच बघा. मजा म्हणजे मार्श, ज्याला कवितेचं वावडं, तो पण हळूहळू त्या ओळींवर अडून बसतो आणि आपल्या धटिंगण पद्धतीने मतं देतो. दोघांची मैत्री तिथे जमते, जेवणाच्या टेबलावर आणि पुस्तकावर, आणि मला विचाराल तर पुस्तक त्या मैत्रीवर उभं आहे. एकमेकांना न शोभणारे दोन म्हातारे, एक दिसायला म्हातारा, एक नाही.

जेवणाबद्दल तक्रार करणाऱ्यांना एवढंच, मार्श खातो ते डोळे उघडे ठेवून वाचा. एक माणूस इतक्या भुकेने जगतोय आणि समोरचा स्वतःच्या भुकेला घाबरून बसलाय. दोन भुका एका टेबलावर. लेखक पानंच्या पानं मासे, पाय आणि भाजलेलं मांस वाढतो ते उगाच नाही. (पाय म्हणजे अमेरिकन पाय, फळांचा, नाहीतर आमच्या एका सभासदांनी सूप समजून वाचलं होतं.)

तर वाचा का? तुम्हाला घाबरायचंच असेल, रात्री दिवा लावून झोपायचं असेल, तर सोडा, ह्यापेक्षा धारप परत काढा. तुम्हाला एखादा काळ, एखादा धंदा आतून बघायला आवडत असेल आणि गोष्ट सावकाश पेटलेली चालत असेल तर अजून पन्नास पानं द्या. मार्श पहिल्यांदा नुसत्या कुतूहलाने नाही तर खऱ्या संशयाने जोशुआच्या केबिनचं दार बघतो तिथपर्यंत या. तिथेही काही झालं नाही तर खुशाल ठेवून द्या, ह्या पुस्तकाशी तुमची पत्रिका जुळत नाही.

त्या शिक्षिका बाई ना, ज्यांनी पुस्तक परत दिलं होतं, त्यांनी चार महिन्यांनी निरोप पाठवून ते पुन्हा मागवून घेतलं. मग एका रात्री साडेअकराला फोन. हॅलो नाही काही नाही, सरळ प्रश्न, अहो, इतकी वर्षं नुसता उभा असलेला बॉयलर परत पेटवला तर चालतो का हो? मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, तुमची बरीच पानं बाकी आहेत.